सतरा मिनिटं

लायब्ररीतून ते पुस्तक मी घरी आणलं ते निव्वळ गैरसमजातून. मुखपृष्ठावर लिहिलं होतं, ‘इंडियन’ इन द कॅबिनेट. व्हँकूवरला येऊन मला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते, आणि परदेशात नवीन असताना ‘इंडियन’ हा शब्द कुठेही दिसला तरी नजर तिथे अडकते. जस्टिन ट्रूडोंच्या मंत्रिमंडळात पंजाबी मंत्री बरेच होते. त्यांच्यापैकी कुणीतरी लिहिलं असेल असं वाटलं. रात्री जेवताना पुस्तक उघडलं तेव्हा कळलं, हे इंडियन म्हणजे आपण नव्हे.

लेखिकेचं नाव जोडी विल्सन-रेबोल्ड. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्वाकेवाक्व या मूळ रहिवासी समाजातल्या. पेशाने वकील. २०१५ ते २०१९ या काळात कॅनडाच्या कायदामंत्री आणि अ‍ॅटर्नी जनरल. या पदावर पोचलेल्या पहिल्या मूळ रहिवासी व्यक्ती. शीर्षकातल्या ‘इंडियन’भोवती जी अवतरणचिन्हं आहेत ती मुद्दाम आहेत. कोलंबस रस्ता चुकला आणि एका अख्ख्या खंडातल्या माणसांना आपलं नाव चिकटलं. चुकीचं व्हेरिएबल नेम कोडमध्ये एकदा शिरलं की वीस वर्षं कुणी बदलत नाही, इथे तर पाचशे वर्षं झाली. १८७६ सालचा ‘इंडियन अ‍ॅक्ट’ आजही त्याच नावाने कॅनडात लागू आहे, आणि कायद्याच्या नजरेत कोण ‘इंडियन’ आणि कोण नाही हे तो अजून ठरवतो.

मी राहतो तो भाग त्यांच्या जुन्या मतदारसंघात, व्हँकूवर ग्रॅनव्हिलमध्ये येतो हेही मला पुस्तकामुळेच कळलं. मला इथे मत नाही, त्यामुळे इथल्या राजकारणात मला तसं काही घेणंदेणं नव्हतं. पण त्यांच्या कारकिर्दीतल्या एका फोन कॉलने मला जे धरलंय ते अजून सोडलेलं नाही. १९ डिसेंबर २०१८चा कॉल, साधारण सतरा मिनिटांचा. त्यांनी तो समोरच्याला न सांगता रेकॉर्ड केला. इंटरनेटवर तो आजही ऐकता येतो. मी तो किती वेळा ऐकलाय हे सांगायला मला लाज वाटते.

प्रश्न वरवर सोपा आहे. जो माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून बोलतोय, त्याचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करणं योग्य की अयोग्य?

*

आधी गोष्ट नीट सांगतो, कारण भारतात ती फारशी पोचली नाही.

एसएनसी-लाव्हालिन ही मॉन्ट्रियलची मोठी इंजिनिअरिंग कंपनी. गद्दाफीच्या काळात लिबियात कामं मिळवण्यासाठी तिथल्या अधिकाऱ्यांना सुमारे ४८ दशलक्ष डॉलरची लाच दिल्याचा आणि तिथल्या संस्थांना १३० दशलक्ष डॉलरला फसवल्याचा आरोप तिच्यावर होता. पोलिसांनी २०१५मध्ये गुन्हे दाखल केले. दोषी ठरल्यास कंपनीला दहा वर्षांपर्यंत केंद्र सरकारची कंत्राटं मिळणार नव्हती, आणि कॅनडात तिचे सुमारे नऊ हजार कर्मचारी होते.

२०१८मध्ये सरकारने फौजदारी कायद्यात एक नवी वाट काढली. कंपनीने चूक कबूल करायची, दंड भरायचा, देखरेख मान्य करायची, आणि खटला थांबवायचा. ही तरतूद आली अर्थसंकल्पाच्या विधेयकात. (अशा गोष्टी कुठे ठेवायच्या हे सगळ्या देशांतल्या सरकारांना बरोबर कळतं.) पण या वाटेने जायचं की नाही हे ठरवायचा अधिकार सरकारी वकिलांच्या स्वतंत्र कार्यालयाच्या प्रमुखांचा, म्हणजे डायरेक्टर ऑफ पब्लिक प्रॉसिक्यूशन्सचा. त्यांनी सप्टेंबर २०१८च्या सुरुवातीला सांगितलं, या कंपनीला ही सवलत नाही.

त्यांचा निर्णय फिरवू शकणारी एकच व्यक्ती होती, अ‍ॅटर्नी जनरल. म्हणजे विल्सन-रेबोल्ड. त्यांनी प्रकरण पाहिलं आणि ठरवलं, मी हात घालणार नाही.

इथे कॅनडातली एक गंमत समजून घ्यायला हवी. कायदामंत्री आणि अ‍ॅटर्नी जनरल ही दोन पदं तिथे एकाच माणसाकडे असतात. कायदामंत्री म्हणून तुम्ही राजकारणी. पक्षाचं ऐकायचं, मंत्रिमंडळाबरोबर राहायचं. अ‍ॅटर्नी जनरल म्हणून खटल्यांच्या बाबतीत तुम्ही कुणाचंच ऐकायचं नाही. १९५१मध्ये ब्रिटनचे अ‍ॅटर्नी जनरल हार्टली शॉक्रॉस यांनी संसदेत याचा नियम सांगितला होता. अ‍ॅटर्नी जनरलने सहकाऱ्यांचं मत विचारायला हरकत नाही, सहकाऱ्यांनी त्याला माहिती द्यायलाही हरकत नाही, पण दबाव आणायचा नाही आणि निर्णय त्याचा एकट्याचा. कॅनडात हाच नियम मानतात.

नियम छान आहे. फक्त माहिती देणं कुठे संपतं आणि दबाव कुठे सुरू होतो, हे त्यात लिहिलेलं नाही.

सप्टेंबर ते डिसेंबर या काळात पंतप्रधान कार्यालय, अर्थमंत्र्यांचं कार्यालय आणि प्रिव्ही कौन्सिल ऑफिस इथल्या साधारण अकरा जणांनी या विषयावर आपल्याशी किंवा आपल्या कार्यालयाशी संपर्क साधला. दहाएक फोन, दहाएक भेटी झाल्या, असं विल्सन-रेबोल्ड यांनी पुढे संसदीय समितीसमोर सांगितलं. उघड धमकी कुणीच दिली नाही. सगळे सभ्य. नोकऱ्या जातील, कंपनी मॉन्ट्रियल सोडेल, क्यूबेकमध्ये निवडणूक आहे, निवृत्त सरन्यायाधीशांचं मत घ्यायला काय हरकत आहे, पुन्हा एकदा बघता येईल का.

यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर त्यात वाईट काही नाही. बाहेरचं मत घ्या म्हणणं हा दबाव कसा, असं ट्रूडोंचे मुख्य सल्लागार जेराल्ड बट्स यांनीही नंतर विचारलं, आणि सप्टेंबरमधला निर्णय फार घाईत झाला असंही सुचवलं. हा युक्तिवाद मी सहज झटकू शकत नाही. नऊ हजार माणसांच्या नोकऱ्या ही फालतू गोष्ट नाही. विचारणाऱ्यांपैकी काही जणांना खरोखर त्यांची काळजी असणार.

पण ‘नाही’ म्हटल्यावर पुन्हा विचारलं जातं तेव्हा प्रश्नाचा अर्थ बदलतो. पहिल्यांदा विचारणारा उत्तर मागत असतो. सहाव्यांदा विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं. शब्द तेच असतात, आणि म्हणूनच कुठल्याही एका वाक्यावर बोट ठेवून ‘हा बघा दबाव’ असं म्हणता येत नाही.

*

त्या दिवशी विल्सन-रेबोल्ड व्हँकूवरमध्ये, घरी एकट्या होत्या. फोनवर मायकल वर्निक होते, क्लर्क ऑफ द प्रिव्ही कौन्सिल. आपल्याकडचे कॅबिनेट सेक्रेटरी म्हणा. देशातले सगळ्यात वरिष्ठ सनदी अधिकारी. टिपणं घ्यायला जवळ कुणी स्टाफ नव्हता, बोलणं काय होणार याचा अंदाज होता, म्हणून आपण हे असाधारण आणि एरवी अयोग्यच ठरलं असतं असं पाऊल उचललं, असं त्यांनी नंतर समितीला लिहून कळवलं. ‘एरवी अयोग्य’ हे त्यांचं स्वतःचं म्हणणं. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती असली की रेकॉर्डिंगला आडकाठी नाही, पण ब्रिटिश कोलंबियातल्या वकिलांच्या आचारसंहितेत अशिलाशी किंवा दुसऱ्या वकिलाशी होणारं संभाषण त्याला न सांगता रेकॉर्ड करू नये असं आहे. त्या तिथल्याच वकील. हे त्यांना माहीत नसणार असं कसं म्हणू?

कॉल ऐकताना पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे वर्निक खलनायक वाटत नाहीत. आवाज थकलेला, थोडा अवघडलेला. पंतप्रधान या बाबतीत ठाम आहेत, ते कसंही करून मार्ग काढतीलच, त्यांचा मूड काय आहे ते तुमच्या कानावर असावं म्हणून सांगतोय, असं ते सांगतात. पंतप्रधान आणि त्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलची टक्कर होऊ नये याची त्यांना काळजी वाटते. समोरून विल्सन-रेबोल्ड पुन्हा पुन्हा बजावतात की हा राजकीय हस्तक्षेप होतोय, आपण धोकादायक जागी आहोत, मी पंतप्रधानांना वाचवायचाच प्रयत्न करतेय. आवाज चढत नाही. सतरा मिनिटं त्या एकच ‘नाही’ वेगवेगळ्या शब्दांत सांगतात.

१४ जानेवारी २०१९ला त्यांचं खातं बदललं. आधी मूळ रहिवाशांच्या सेवांचं खातं देऊ केलं होतं. ज्या इंडियन अ‍ॅक्टविरुद्ध आयुष्यभर बोलले तो राबवायला मी बसणार नाही, असं म्हणून त्यांनी ते नाकारलं. मग माजी सैनिकांचं खातं मिळालं. ७ फेब्रुवारीला ‘ग्लोब अँड मेल’ने दबावाची बातमी छापली. ट्रूडो म्हणाले, बातमी खोटी आहे. १२ तारखेला त्यांनी राजीनामा दिला. पण लगेच बोलल्या नाहीत. अ‍ॅटर्नी जनरल ही सरकारची वकील असते, अशिलाच्या परवानगीशिवाय तिला तोंड उघडता येत नाही. सरकारने तेवढ्यापुरतं बंधन उठवल्यावर २७ फेब्रुवारीला समितीसमोर त्या जवळजवळ चार तास बोलल्या. झालं ते बेकायदेशीर होतं असं मला वाटत नाही, अयोग्य होतं, असंही त्यांनी तिथे स्पष्ट सांगितलं.

रेकॉर्डिंग बाहेर आलं मार्चच्या शेवटी. २ एप्रिलला ट्रूडोंनी त्यांना पक्षाच्या संसदीय गटातून काढलं. त्यांच्या बाजूने मंत्रिपद सोडणाऱ्या जेन फिलपॉट यांनाही काढलं. कारण देताना ट्रूडोंचा रोख सगळा रेकॉर्डिंगवर होता. राजकारण्याने कुणाचंही बोलणं गुपचूप टेप करणं चूक, मंत्र्याने अधिकाऱ्याचं करणं चूक, आणि अ‍ॅटर्नी जनरलने देशाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचं करणं तर अक्षम्य.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ट्रूडोंचं हे म्हणणं पटलं होतं. हो, पटलं होतं. कारण असा एक कॉल माझ्याकडेही आहे. म्हणजे होता.

*

पुण्यात पहिल्या नोकरीत मी एका बिलं भरायच्या अ‍ॅपवर काम करायचो. रिलीजच्या दोन दिवस आधी आमच्या टेस्टरने सांगितलं, मी साइन-ऑफ देणार नाही. नेटवर्क मध्येच तुटलं आणि अ‍ॅपने पेमेंट पुन्हा पाठवलं तर कधीकधी पैसे दोनदा कापले जात होते. कधीकधीच. दहादा चालवली तर टेस्ट एखाद्या वेळी फेल व्हायची. तिने ग्रुपवर लिहिलं, स्क्रीनशॉट टाकला.

पाच मिनिटांत मॅनेजरचा मला मेसेज आला, ‘कॉल करतो.’ आयटीत काम केलेल्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. जे लिहायचं नसतं त्यासाठी कॉल असतो.

कॉलवर मॅनेजर अजिबात वाईट बोलला नाही. क्लायंटचं कॅम्पेन लागलंय, तारीख हलत नाही, वरून विचारणा आहे, पुढच्या आठवड्यात पॅच देऊच. मग म्हणाला, “तिच्याशी तू बोलून बघ ना. तुझं ऐकते ती.”

तेव्हाच्या माझ्या फोनवर कॉल रेकॉर्डिंगचं बटण स्क्रीनवरच असायचं. आताच्या बऱ्याच फोनवर दाबलं की एक बाई दोघांनाही ऐकू जाईल असं जाहीर करते, तेव्हा तसं नव्हतं. त्या बटणाकडे मी पाहिलं होतं हे मला पक्कं आठवतंय. दाबलं नाही. असं करणं बरं नव्हे, एवढंच मनात आलं. माणूस मोकळेपणाने बोलतोय.

मग मी तिला फोन केला. माझा आवाज कसा होता हे मला आज वर्निकचा आवाज ऐकताना कळतं. “मी काही प्रेशर नाही करत आहे हं. फक्त तुला कल्पना असावी म्हणून. वर सगळे जरा टेन्शनमध्ये आहेत. बघ काही जमतंय का.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तू सांगतोयस म्हणून देते.”

पहिल्याच शनिवार-रविवारी काहीशे लोकांचे पैसे दोनदा गेले. परत मिळायला काही दिवस लागले. एकाने सपोर्टला लिहिलं होतं की खात्यात उरले होते ते मुलीच्या फीचे होते. ते वाक्य माझ्या पाठ आहे. सोमवारी चुकीची कारणमीमांसा करणारं डॉक्युमेंट तयार झालं. त्यात एक ओळ होती, टेस्ट फेल होत असतानाही टेस्टरने साइन-ऑफ दिला. ओळ शंभर टक्के खरी होती. मला त्यावर कॉमेंट टाकता आली असती. डॉक्युमेंट दिवसभर उघडं होतं, कर्सर त्या ओळीवर होता. मी कॉमेंट टाकली नाही. त्या वर्षी तिचं अप्रेझल खराब गेलं आणि काही महिन्यांनी ती दुसरीकडे गेली.

पुढची काही वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो. मी रेकॉर्ड केलं असतं तर तिला वाचवता आलं असतं, पण मी सरळ माणूस आहे, असलं करत नाही. सभ्यपणाची किंमत मोजली, वगैरे.

त्या सतरा मिनिटांनी ही गोष्ट मोडली. विल्सन-रेबोल्ड यांच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन आवाज आहेत हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं. गुपचूप रेकॉर्ड करणारा दुसऱ्याला पकडतो असं आपण धरून चालतो, पण तो स्वतःलाही पकडत असतो. त्यांनी बटण दाबलं तेव्हा त्यांना माहीत होतं की आपलं ‘नाही’ त्यात येणार आहे. मी दाबलं नाही, कारण माझं ‘हो’ आलं असतं. मॅनेजरचा विश्वास जपण्याचा त्यात काही संबंध नव्हता. पुढच्या तीस सेकंदांत मी काय बोलणार आहे हे मला आधीच माहीत होतं.

*

एवढ्यावरून ‘त्यांनी केलं ते बरोबरच’ असं म्हणून मोकळं होता येईल, पण माझं तसं झालं नाही.

एक तर विल्सन-रेबोल्ड ज्या समाजातून येतात तिथे साक्षीला फार मोठं स्थान आहे. पॉटलॅच नावाचा त्यांचा समारंभ असतो. नाव देणं, वारसा, लग्न, हक्क, जे काही ठरेल ते सगळ्यांसमोर ठरतं, आणि आलेल्या पाहुण्यांना यजमान भेटी देतो. भेट घेतलीत म्हणजे तुम्ही साक्षीदार झालात. इथे काय घडलं ते लक्षात ठेवायची जबाबदारी तुमची. कागद नव्हता, माणसं होती. कॅनडाच्या सरकारने इंडियन अ‍ॅक्टखाली १८८५ ते १९५१ या काळात पॉटलॅचवर बंदी घातली होती. १९२१मध्ये क्वाक्वाकेवाक्व लोकांनी व्हिलेज आयलंडवर केलेल्या मोठ्या पॉटलॅचनंतर लोकांना अटक झाली, काही जण तुरुंगात गेले, मुखवटे आणि वस्तू जप्त झाल्या. जणू सरकारला त्यांचे साक्षीदारच नको होते. आपण सत्य सांगणाऱ्या स्त्रियांच्या परंपरेतून आलोय असं विल्सन-रेबोल्ड समितीसमोर म्हणाल्या, त्यामागे हे सगळं आहे.

पण पॉटलॅचमधला साक्षीदार समोर बसलेला असतो. तो आहे हे बोलणाऱ्याला दिसतं. त्या डिसेंबरच्या दुपारी वर्निकना कुणी दिसत नव्हतं. एकाला ठाऊक होतं की तिसरा ऐकतोय, दुसऱ्याला नव्हतं. त्या मोजूनमापून बोलत होत्या, ते मनातलं बोलत होते. हा फरक मला टोचतो. रेकॉर्डिंग बाहेर आलं त्याच्या काही दिवस आधीच वर्निक निवृत्ती जाहीर करून बसले होते. त्यांची साडेतीन दशकांहून मोठी नोकरी लोकांच्या लक्षात आता त्या सतरा मिनिटांपुरती राहणार.

इमॅन्युएल कांटने १७९५मध्ये एक कसोटी सुचवली होती. दुसऱ्याच्या हक्कांशी संबंधित जी कृती जाहीर केली तर फसेल, ती अन्यायाची. ही कसोटी मला कोडच्या टेस्टसारखी आवडते, इनपुट द्या आणि बघा. गुपचूप रेकॉर्डिंगवर चालवली तर फेल. वर्निकना आधी सांगितलं असतं तर ते तसं बोललेच नसते.

पण तीच टेस्ट त्या कॉलवर चालवून बघा. अ‍ॅटर्नी जनरलने सरकारी वकिलांच्या प्रमुखांना आदेश द्यायचा तर तो लेखी द्यायचा आणि कॅनडा गॅझेटमध्ये छापायचा, असं तिथला कायदाच सांगतो. म्हणजे हस्तक्षेपाला बंदी नाही, फक्त लपून करायचा नाही. मग ज्यांना तो हवा होता त्यांनी आपली मागणी लेखी का दिली नाही? दहा फोन आणि दहा भेटी का लागल्या? कारण मागणीच अशी होती की ती कागदावर आली असती तर टिकली नसती. दोन्ही कृती टेस्टमध्ये फेल होतात, पण दुसरी पहिलीच्या पोटातून आली. चॅटवर बोलणं झालं असतं तर रेकॉर्डिंगची गरज कुणाला पडली असती?

आणि रेकॉर्डिंगची गरज कुणाला पडते हेही बघायला हवं. सत्तेतल्या माणसाला पुरावा ठेवावा लागत नाही, त्याचा शब्द पुरतो. ‘बातमी खोटी आहे’ एवढं पंतप्रधानांनी म्हटलं की पहिला दिवस निभावतो. नाव न सांगणारे लोक पत्रकारांना सांगत होते की या बाईंबरोबर काम करणंच अवघड. अयोग्य दबाव नव्हता, असं वर्निक समितीसमोर सांगून गेले होते. टेप नसती तर एका बाजूला पंतप्रधान, सल्लागार आणि सर्वोच्च अधिकारी, दुसऱ्या बाजूला ‘अवघड’ बाई. १९८३मध्ये तिचे वडील बिल विल्सन राष्ट्रीय परिषदेत, कॅमेऱ्यासमोर, थोरल्या ट्रूडोंना म्हणाले होते की माझ्या दोन मुलांना वकील आणि मग पंतप्रधान व्हायचंय, आणि दोघीही मुली आहेत. सभागृह हसलं. पिअर ट्रूडोही म्हणाले की त्या तयार होईपर्यंत मी थांबतो म्हणावं. ती क्लिप बघताना त्या हशाचं काय करायचं ते मला कळत नाही. प्रेमळ आहे. पण हशाच आहे.

ऑगस्ट २०१९मध्ये एथिक्स कमिशनर मारिओ डिऑन यांनी अहवाल दिला. ट्रूडोंनी हितसंबंधांच्या कायद्याचं कलम ९ मोडलं, अ‍ॅटर्नी जनरलवर अयोग्यपणे प्रभाव टाकायचा प्रयत्न केला. ट्रूडो म्हणाले, अहवाल स्वीकारतो, पण कॅनडातल्या नोकऱ्यांसाठी उभा राहिलो याची माफी मागणार नाही. डिसेंबरमध्ये कंपनीच्या बांधकाम विभागाने फसवणुकीचा एक गुन्हा कबूल केला, २८० दशलक्ष डॉलर दंड मान्य केला, आणि सरकारी कंत्राटांची बंदी काही आली नाही. ज्या संकटासाठी एवढं सगळं झालं ते आलंच नाही.

विल्सन-रेबोल्ड त्या ऑक्टोबरमध्ये इथूनच, माझ्या आत्ताच्या घराच्या आसपासच्या लोकांच्या मतांवर, अपक्ष म्हणून निवडून आल्या. त्या निवडणुकीत निवडून आलेल्या त्या एकमेव अपक्ष. फिलपॉट हरल्या. २०२१ची निवडणूक विल्सन-रेबोल्ड यांनी लढवली नाही. पक्षाबाहेरच्या खासदाराला संसदेत फार काही करता येत नाही. त्यांच्याच काळात इच्छामरणाचा आणि गांजाचा, असे दोन मोठे कायदे झाले होते. तसं काही पुन्हा त्यांच्या हातून होणार नव्हतं. ज्या सहकाऱ्यांना त्यांच्यासमोर आता मोकळं बोलता येणार नाही असं वाटलं, त्यांचंही मला चूक वाटत नाही. मलाही अशा सहकाऱ्यासमोर जपूनच बोलावंसं वाटलं असतं. फक्त, जपून म्हणजे नक्की काय बोलायचं टाळलं असतं, याचं उत्तर मला आता माहीत आहे.

*

आमची ती टेस्टर आता बंगळुरूला असते. दर दिवाळीला तिचा मेसेज येतो, मी उत्तर देतो. नोकरी, ट्रॅफिक, इथली थंडी. त्या फोनबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

मागच्या महिन्यात मी तिला लिहायला घेतलं. त्या डॉक्युमेंटमधली ओळ, मी न टाकलेली कॉमेंट, सगळं. लिहिताना एकदम लक्षात आलं की तिचाही फोन तेव्हा माझ्याच कंपनीचा होता. आम्ही दोघांनी एकाच सेलमध्ये घेतला होता. बटण तिच्याही स्क्रीनवर होतं. मी फोन करणार हे तिला कळलं असणार. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकल्यावर पुढे काय होतं हे तिलाही माहीत होतं. म्हणजे कुठल्यातरी ड्राइव्हवर, मुलाबाळांच्या फोटोंच्या खाली, माझा तो आवाज असू शकतो. ‘मी काही प्रेशर नाही करत आहे हं.’

हे लक्षात आल्यावर मला आधी राग आला. तिचा, जिने कदाचित काहीच केलेलं नाही. तो ओसरायला थोडा वेळ लागला. मग मेसेजमध्ये ‘तेव्हा परिस्थिती अशी होती की’ असं सुरू होणारे दोन परिच्छेद होते ते काढून टाकले. उरलं ते चार ओळींचं होतं. पाठवलं.

दोन निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.